महत्त्वाचं तेवढं

आमच्या देवघराच्या खालच्या फळीवर एक चपटी पत्र्याची डबी आहे. तिच्यावरचे चित्र केव्हाच पुसून गेले आहे. आत चार घड्या घातलेला एक कागद असतो. माझ्या सासूबाईंनी १९६८ साली अनुग्रह घेतला, तेव्हा त्यांच्या महाराजांनी स्वतःच्या हाताने तो लिहून दिला होता. २००५ साली लग्न होऊन मी या घरात आले. कपाटाच्या किल्ल्या मिळाल्या, कोणत्या डब्यात कोणती डाळ ते कळले, दूधवाल्याचा हिशेबही माझ्याकडे आला. पण त्या डबीला हात लावायचा नाही, हे कुणी न सांगताच समजले.

कागद पाहिला नव्हता, तरी त्यातल्या आज्ञा मला पाठ होत्या. कारण त्या घरात दिवसभर हिंडत असत. पहाटे स्नान, धाबळीचे आसन, पूर्वेला तोंड, तुळशीची माळ, रोज अकरा माळा जप. एकादशी चुकायची नाही. चातुर्मासात कांदा-लसूण नाही. आणि सगळ्यांत अवघड आज्ञा म्हणजे परान्न घ्यायचे नाही. घरच्या माणसाने केलेले तेवढेच खायचे. लग्नकार्यात आम्ही जिलब्या मोजत असू तेव्हा सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून आपल्या डब्यातली भाकरी खात. यजमानीणबाई येऊन काकुळतीने म्हणत, "निदान वरणभात तरी घ्या!" सासूबाई हसून हात जोडत. लोक मागे म्हणत, "काय नेम आहे बाईंचा!"

या नेमाचे कौतुक मीही करत असे. पण २०११ साली सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि त्यांचे उजवे मनगट मोडले. हाड जुळले, पण हाताला पूर्वीचे बळ काही आले नाही. भाकरी थापणे संपले. माझी नोकरी मुंबईच्या कॉलेजात, घर डोंबिवलीला आणि पहिले व्याख्यान सकाळचे. घरच्या स्वयंपाकासाठी मावशी ठेवल्या. त्या आठाला येत. त्यांच्या हातचे आम्हां सगळ्यांना चाले. सासूबाईंना चालत नसे. म्हणून त्यांची भाकरी आणि भाजी मी पहाटे पावणेपाचला उठून करू लागले. मग सातच्या आतली गाडी. रविवारी गाडी नसे, भाकरी असे. असे एक-दोन दिवस नव्हे, बारा वर्षे चालले. आपल्याकडे बारा वर्षांना तप म्हणतात. तप कुणाचे आणि पुण्य कुणाला, असा हिशेब मी पिठात पाणी घालताना कितीदा तरी मांडला आहे. खोटे कशाला बोलू?

घरात या विषयावर दोन पक्ष होते. पहिला पक्ष ह्यांचा. ह्यांचे म्हणणे असे, की कुठल्याही गुरूच्या उपदेशात तत्त्व काय ते महत्त्वाचे, बाकी सगळा तपशील. नाम घ्या म्हणजे झाले. आसन धाबळीचे काय आणि प्लॅस्टिकच्या चटईचे काय! ऐकायला हे फार छान वाटे. अडचण एवढीच, की ह्यांनी तत्त्व इतके पक्के धरले होते, की ते आचरण्याची त्यांना कधी गरजच पडली नाही. दुसरा पक्ष वन्संचा. त्या नागपूरला असतात. त्या फोनवरून सांगत, "शिस्त सुटली की सगळं सुटतं. आपल्या घरात आधी काय सुटलं आठव. दादाची संध्या सुटली, मग संध्याकाळची शुभंकरोती सुटली, मग एकत्र जेवण सुटलं. प्रत्येक वेळी हेच म्हणालात, की हा तपशील आहे." त्यांचे म्हणणे मला खोडता येत नसे. बरणी म्हणजे लोणचे नव्हे हे खरे. पण बरणी फोडून टाकली तर लोणचे हातात किती वेळ धरून बसणार? मात्र वन्संना नागपूरहून पहाटे उठून भाकरी थापायची नव्हती, हेही तितकेच खरे होते.

मी कोणत्या पक्षात होते? उघडपणे कोणत्याच नाही. मनातून अर्थातच ह्यांच्या.

आता थोडे माझ्या वर्गाविषयी सांगायला हवे. दर वर्षी मी तिसऱ्या वर्षाच्या मुलांना महानुभाव वाङ्मय शिकवते. चक्रधरस्वामी गेल्यावर त्यांच्या आठवणींवाचून शिष्यांना करमेना. तेव्हा विदर्भातल्या रिद्धपुरात म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांकडून आठवणी ऐकून घेतल्या, ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांना गावोगाव जाऊन गाठले, आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात 'लीळाचरित्र' सिद्ध केले. त्यात काय नाही? स्वामी कुठे उतरले, कुठे बसले, कुणी काय वाढले, कुणी काय विचारले. पुढे केशिराजबासांनी त्याच लीळांमधून स्वामींची वचने तेवढी वेचून काढली. तो 'सूत्रपाठ'. म्हणजे म्हाइंभटांनी तपशील जपला आणि केशिराजबासांनी तत्त्व वेगळे काढले, असे मी वर्षानुवर्षे फळ्यावर दोन रकाने आखून सांगत आले आहे.

२०२३ सालच्या जुलैत असेच दोन रकाने आखत होते, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. "मॅडम, सूत्रं मिळाली ना? मग लीळा कशाला वाचायच्या? महत्त्वाचं तेवढं सांगा ना!"

वर्ग हसला. मीही हसले. हा मुलगा अगदी ह्यांच्या पक्षातला होता. पण उत्तर द्यायचे म्हणून मी सांगितले, की खुद्द महानुभावांनाच ही अडचण आली होती. सूत्र म्हणजे दोन-चार शब्दांचे वचन. ते स्वामी कुणाला म्हणाले, कुठल्या प्रसंगी म्हणाले, ते ऐकणारा काय चुकला होता, हे माहीत नसेल तर दोन-चार शब्दांतून वाटेल तो अर्थ निघतो. म्हणून त्यांच्यात 'प्रकरणवश' नावाचा एक वेगळा लेखनप्रकारच निर्माण झाला. कोणते सूत्र कोणत्या प्रसंगाने आले, ते त्यात सांगायचे. म्हणजे आधी लीळांमधून सूत्रे काढली, आणि मग सूत्रांना पुन्हा त्यांच्या लीळा जोडून द्याव्या लागल्या.

"म्हणजे डबल काम!" तो मुलगा म्हणाला. तास संपला. मी गाडी पकडली आणि ते उत्तर फळ्यावरच सोडून आले.

त्याच पावसाळ्यात मला डेंग्यू झाला. पहिले दोन दिवस हे लवकर उठून सासूबाईंना खिचडी करून देत. खिचडी कशी होई ते विचारू नका. सासूबाईंनी ती नाव न ठेवता खाल्ली, एवढे सांगते. तिसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला मला आपोआप जाग आली. बारा वर्षांची सवय ताप ओळखत नाही. वाटले, आज जरा बरे आहे, भाकरी टाकून परत झोपू. परातीत पीठ घेतले, गॅस पेटवला, आणि पुढचे मला आठवते ते एवढेच, की फरशी फार गार होती आणि सासूबाई माझे डोके मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांची माळ शेजारी जमिनीवर पडली होती. ती माळ जमिनीला लागलेली मी त्यापूर्वी कधी पाहिली नव्हती.

दुपारी मावशींनी ताटे घेतली. माझ्या खोलीतून मला स्वयंपाकघराचे दार दिसत होते. सासूबाई येऊन बसल्या आणि रोजच्यासारख्याच आवाजात म्हणाल्या, "माझंही ताट वाढ गं."

मावशींचा हात आमटीच्या डावासकट तसाच थांबला. एवढी वर्षे त्या या घरात येत होत्या. त्यांनी आमच्या मुलीला भरवले होते, माझी दुखणी काढली होती. पण आपल्या हातचे आजींना चालत नाही, हे त्यांनी जातायेता भिंत चुकवावी तसे मुकाट्याने चुकवले होते. त्या नुसत्या म्हणाल्या, "मी केलंय सगळं, आजी." सासूबाई म्हणाल्या, "ठाऊक आहे. भूक लागलीय." मावशींनी ताट वाढले. आमटी थोडी सांडली.

संध्याकाळी बातमी नागपूरला पोचली. वन्सं फोनवर रडल्या. "पंचावन्न वर्षांचा नेम, आई!" ह्यांना मात्र आनंद आवरेना. ऑफिसची पिशवीही खाली न ठेवता म्हणाले, "बघ, मी सांगतच होतो! तत्त्व महत्त्वाचं. हे आधीच करायला हवं होतं."

सासूबाई त्यांच्याकडे जरा वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू सांगत होतास ते तुला कटकट नको म्हणून. त्यात महाराज कुठे होते?"

हे गप्प झाले. खरे सांगायचे तर तो बोल मलाही लागला. बारा वर्षे पहाटे मनात मी जो युक्तिवाद घोळवत होते, त्यात तरी महाराज कुठे होते? मलाही झोपच हवी होती. झोप हवी असणे हा काही गुन्हा नव्हे. पण तिला तत्त्वाचे नाव देऊन मी स्वतःची फसवणूक करत होते.

ताप उतरल्यावर एके दिवशी दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. सासूबाईंनी ती डबी आणून माझ्या हातात दिली. "वाच. मला आता अक्षर लागत नाही, मोतीबिंदू वाढलाय." कागदाच्या घड्या जिथे होत्या तिथे तो जवळजवळ फाटला होता. शाई तपकिरी झाली होती. एकूण अकरा ओळी. पहिली, नाम सोडू नये. दुसरी, कुणाला भार होऊ नये. तिसरी, दारी आलेला उपाशी जाऊ नये. मग आमच्या ओळखीचे सगळे. स्नान, आसन, माळ, एकादशी. नववी ओळ, परान्न घेऊ नये. दहावी, जेवलेले ताट आपण घासावे. आणि अकरावी, या कागदाची वाच्यता करू नये.

(ही अकरावी ओळ मी आज मोडते आहे. सासूबाईंना विचारूनच. त्या म्हणाल्या, "लिही. मात्र तुझ्या मुलांना परीक्षेत विचारू नकोस म्हणजे झालं.")

मी दुसऱ्या ओळीवर थांबले. कुणाला भार होऊ नये! आणि बारा वर्षे मी... माझ्या चेहऱ्यावर ते उमटले असावे. सासूबाईंनी विचारले, "परान्नाची ओळ का आली, ठाऊक आहे?"

मग त्यांनी सांगितले ते असे. सासरे तेव्हा माणदेशात तलाठी होते. पावसाचा भरवसा नसलेला तो मुलूख. सासूबाई नव्या नवरी, बावीस वर्षांच्या. सासऱ्यांबरोबर गावोगाव जात. तलाठ्याची बायको आली म्हटल्यावर ज्या घरी जावे तिथे शिरा होई. तूप शेजारून उसने येई, साखर दुकानातून उधार येई. एकदा एका घरी त्या पोटभर जेवल्या, आणि हात धुवायला मागच्या दारी गेल्या, तर घरातली दोन पोरे कढईचे खरवडून खात होती आणि त्यांची आई पाणी पिऊन बसली होती. त्या वेळी सासूबाईंच्या ध्यानातही आले नाही. पुढे महाराजांच्या दर्शनाला गेल्यावर कुठल्याशा बोलण्यात त्यांनी कौतुकाने सांगितले, की इथली माणसे किती अगत्याची, मागच्या दारी पोरे खरवडून खात होती तरी आम्हांला पोटभर वाढले. महाराज काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी कागद लिहून दिला, त्यात नववी ओळ होती.

"मला तेव्हाच कळलं ते," सासूबाई म्हणाल्या. "लाज वाटली. चार-सहा वर्षं मी तो नेम पाळला तो लाजेनं. पुढं बदली झाली, आपण शहरात आलो. इथं कुणाचं तूप उसनं येणार? पण तोवर लोक म्हणायला लागले होते, काय नेम आहे बाईंचा! मग मलाच त्याची गोडी लागली. नेम तोच राहिला, बाई बदलली."

मी काय बोलणार? वर्गात मी 'प्रकरणवश' शिकवत होते आणि घरातल्या एका सूत्राचे प्रकरण मला अठरा वर्षांत विचारावेसे वाटले नव्हते. त्या माउलीने मात्र पंचावन्न वर्षांचा मान एका दुपारी आमटीच्या वाटीत ठेवून दिला होता.

त्या रात्री मला एकनाथ महाराजांच्या दोन गोष्टी आठवल्या. दोन्ही आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. देवगडावर जनार्दनस्वामींकडे असताना एका पैचा हिशेब लागेना, म्हणून नाथ रात्रभर जागले आणि चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. दुसरी गोष्ट रामेश्वराला नेण्याच्या गंगेच्या कावडीची. वाटेत तहानेने तडफडणारे गाढव दिसले आणि नाथांनी ती कावड त्याच्या तोंडी रिती केली. आपण या दोन गोष्टी वेगवेगळ्या दिवशी सांगतो. मुलांनी अभ्यास नीट करावा म्हणून पैची गोष्ट, आणि भूतदया शिकवायची असली की गाढवाची. मला त्या रात्री प्रथमच त्या एका माणसाच्या गोष्टी वाटल्या. एक पै चुकली तर चुकली, असे म्हणणारा माणूस मुळात कावड घेऊन इतक्या लांब चाललाच नसता. आणि चालला असता, तर त्याने ती ओतण्यात विशेष काय होते? खांद्याला जड झाली म्हणूनही कावड ओतता येते. नाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तो १५८४ साली. एकेका शब्दासाठी पोथ्या ताडून पाहणारा हा पुरुष! तपशिलाची किंमत त्याला माहीत होती, म्हणून तो कुणासाठी टाकावा हेही त्याला माहीत होते.

तत्त्व आणि तपशील यांचे भांडण सोडवण्याचा अधिकार मला नाही. ज्यांना तो आहे त्यांनी निवाडा द्यावा. मला माझ्या स्वयंपाकघरातून दिसले ते एवढेच. ज्याने तपशील कधी पाळलाच नाही त्याने तो टाकला, यात काहीच घडत नाही. दुसऱ्याच्या श्रमावर जो तो पाळतो, त्याच्या हातात नेमाची नुसती मूठ उरते. आत काही नसते. आणि गुरूची आज्ञा लिहिली गेली त्या दिवशी मागच्या दारी कोण बसले होते, हे विचारल्याशिवाय ती पाळूही नये आणि टाकूही नये. मागच्या दारी बसणारे माणूस दर पिढीला बदलते. माणदेशात ती पोरे होती. डोंबिवलीत, काही वर्षे, मी होते.

गोष्ट इथेच संपवली तर ती फार सोयीची होईल. सासूबाईंनी नेम सोडला, सून सुखी झाली, समाप्त! पण तसे झाले नाही. मला बरे वाटू लागल्यावर एकदा सकाळी उशिरा उठले, तर सासूबाई स्वयंपाकघरात खुर्ची टाकून मेथी निवडत होत्या. उजव्या हाताने देठ तुटेना, म्हणून डाव्या हाताने. समोर मावशी कणीक मळत होत्या आणि दोघींच्यात माझ्या मुलीच्या केसांच्या वळणावरून चर्चा चालली होती. मी म्हटले, "आई, मावशी करतील ना, तुम्ही कशाला?"

"का म्हणजे?" सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. "तुझ्यावरचा भार हिच्यावर टाकला, एवढंच झालं की मग. एक माणूस जास्तीचं वाढलंय हिला."

तेव्हापासून मेथी असो, गवार असो, भाजी निवडणे त्यांचे. अकरा माळा संपल्या की टोपली पुढ्यात. आला-गेला असला तरी यात खंड नाही. गंमत अशी, की आता हाही एक नेमच झाला आहे. कागदावर त्याची ओळ नाही. पण दुसरी ओळ त्यांच्यात जिवंत होती, तिलाच हा नवा फाटा फुटला. तत्त्व जिवंत असले की ते उघडेवाघडे राहत नाही, नवे तपशील अंगावर घेते, हे मला त्या मेथीच्या जुडीने शिकवले. वन्सं दिवाळीला आल्या होत्या. त्यांनी आईला मावशींच्या हातची चकली खाताना पाहिले, थोडा वेळ गप्प राहिल्या, आणि मग स्वतःच टोपली ओढून मटार सोलायला बसल्या. ह्यांना कुणी बोलावले नव्हते. पण पाच मिनिटांनी तेही येऊन बसले. मटार सोलण्यापेक्षा खाल्ले जास्त, ही गोष्ट वेगळी.

कॉलेजात मी आता फळ्यावर दोन रकाने आखत नाही. त्या मागच्या बाकावरच्या मुलाला पुढच्याच महिन्यात मी गाठले आणि म्हटले, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर अर्धंच दिलं होतं." तो घाबरला. परीक्षेचे काही असावे असे त्याला वाटले. मी त्याला नागदेवाचार्यांची गोष्ट सांगितली. केशिराजबासांसारखा विद्वान संस्कृतात लिहू लागला, तेव्हा आचार्यांनी त्याला थांबवले; संस्कृतात लिहिलेस तर आपल्या म्हाताऱ्या बायका त्याला मुकतील, अशा अर्थाचे ते बोलले. पंथाची सारी विद्या एका बाजूला आणि त्या म्हाताऱ्या दुसऱ्या बाजूला. आचार्यांना त्या दिवशी मागच्या दारी कोण आहे ते दिसले होते.

"म्हणजे मॅडम," तो वही उघडत म्हणाला, "यातलं महत्त्वाचं काय?"

मी म्हटले, "घरी आजी आहे का तुझ्या?"

"आहे."

"तिचे काय काय नेम आहेत ते पाठ आहेत ना? मग ते का, हे तिला विचारून ये. महत्त्वाचं तेवढं."